देवीच्या दारात सैतान का नाचतात?

प्रश्न : गोव्याचा कार्निव्हल मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मध्यंतरी एका माहितीपटात बोलिव्हियातल्या ओरुरो शहराचा कार्निव्हल पाहिला आणि चक्रावलो. शिंगे आणि बटबटीत डोळे लावलेले शेकडो सैतान नाचत नाचत एका चर्चच्या दारात येतात, मुखवटे काढतात आणि मेरीमातेपुढे गुडघे टेकतात. कोणी त्यांना हाकलत नाही. उलट पाद्री आशीर्वाद देतो! हा काय प्रकार आहे? दक्षिण अमेरिकेतला कार्निव्हल म्हणजे रिओ, असेच मी आजवर समजत होतो. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : रिओचे आधी उरकून घेऊ. रिओतल्या सांबा शाळांची मिरवणूक ही चुरशीची स्पर्धा असते. तिच्यासाठी १९८४ साली ऑस्कर नीमायर या वास्तुकाराच्या आराखड्यावरून दोन्ही बाजूंना प्रेक्षकसज्जे असलेला खास रस्ता उभारला गेला. परीक्षक गुण देतात आणि तळाला राहिलेली शाळा खालच्या गटात जाते. प्रकार देखणा आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण खंड मोठा आहे. उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात कार्निव्हल जवळजवळ चाळीस दिवस चालतो आणि आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी जपलेले ढोल गल्ल्या दणाणून सोडतात. कोलंबियातल्या बारान्कियात शेवटच्या दिवशी होसेलितो नावाच्या उत्सवपुरुषाची खोटी प्रेतयात्रा निघते आणि त्याच्या ‘विधवा’ भर रस्त्यात ऊर बडवून घेतात. त्या विधवांत मिशीवाले पुरुषही असतात.

या सगळ्यांशी तुमच्या पणजीच्या मिरवणुकीचे नाते पंचांगाचे आहे. ईस्टरच्या आधी उपवासाचा दीर्घ काळ पाळायचा आणि तो लागण्यापूर्वी मनसोक्त खाऊनपिऊन घ्यायचे, ही युरोपातली जुनी रीत. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणि ब्राझीलमध्ये नेली, स्पॅनिशांनी अँडीज पर्वतात. त्यामुळे पणजीत मोमो राजा मौजमजेचे फर्मान काढतो, त्याच शनिवारी ओरुरोत सैतान रस्त्यावर उतरतात. एक फरक मात्र आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, अँडीजच्या पठारावर, तेव्हा ऐन पावसाळा असतो. बटाट्याची पहिली काढणी तोंडावर आलेली असते आणि एरवी उघडेबोडके दिसणारे माळ हिरवे झालेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सैतान. त्यांच्यासाठी जमिनीखाली उतरावे लागते.

ओरुरो हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवरचे खाणींचे शहर. स्पॅनिशांनी ते १६०६ साली वसवले ते चांदीसाठी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथिल निघाले आणि जगभर पत्र्याच्या डब्यांतून अन्न विकले जाऊ लागले, तेव्हा ओरुरोच्या आसपासच्या डोंगरांना सोन्याचे मोल आले. सिमोन पातिन्यो नावाचा साध्या घरातला माणूस या कथिलावर जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला. खाणीत उतरणाऱ्यांच्या वाट्याला मात्र धुळीने भरलेली फुप्फुसे आली.

या खाणींत, मुख्य बोगद्यापासून जरा बाजूला, मातीची एक मूर्ती बसवलेली असते. डोक्यावर शिंगे, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, तोंड उघडे. त्या तोंडात कामगार पेटवलेली सिगारेट ठेवतात, मांडीवर कोकाची पाने ठेवतात, पायाशी दारू शिंपडतात. हा ‘एल तिओ’, म्हणजे काका. डोंगराच्या पोटातले सगळे धातू त्याचे. त्याच्या मर्जीशिवाय शीर सापडत नाही आणि तो रुसला तर छत कोसळते. जुन्या खाणकामगारांचा दंडक असा, की आत उतरल्यावर येशूचे किंवा मातेचे नाव काढायचे नाही. तिथे सत्ता काकाची. मंगळवारी आणि शुक्रवारी कामगार त्याच्याजवळ बसून कोका चघळतात, त्याला पाजतात, स्वतः पितात. जून नॅश ही अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९७०च्या सुमारास ओरुरोच्या खाणकामगारांत राहिली. तिचे पुस्तक १९७९ साली आले. ‘आम्ही खाणींना खातो आणि खाणी आम्हाला खातात’, अशा अर्थाचे त्याचे नाव. काकाला खाऊ का घालायचे, याचे उत्तर त्या नावातच आहे. त्याचे पोट भरलेले असले म्हणजे तो माणसे खात नाही.

जमिनीवर मात्र सत्ता मातेची. तिला ओरुरोचे लोक सोकावोनची माता, म्हणजे खाणीच्या बोगद्याची माता म्हणतात, आणि लाडाने ‘मामिता’. तिची प्रतिमा भिंतीवर रंगवलेली आहे. तिची कथाही चोराची आहे. १७८९ साली चिरू चिरू नावाचा एक भामटा डोंगरातल्या एका ओसाड खाणीत लपून राहत असे. श्रीमंतांकडून चोरायचे आणि गरिबांना द्यायचे, असा त्याचा शिरस्ता. जखमी होऊन तो मरायला टेकला तेव्हा एका अनोळखी बाईने त्याची सेवा केली, आणि लोक शोधत आले तेव्हा त्याच्या प्रेतामागच्या भिंतीवर मातेचे चित्र होते, असे सांगतात. दुसऱ्या एका कथेत त्या चोराचे नाव नीना नीना आहे. नाव काहीही घ्या, आज त्या जागी मातेचे देऊळच म्हणावे असे चर्च उभे आहे, आणि चर्चमधून जिना उतरून गेले की माणूस थेट जुन्या खाणीच्या बोगद्यात पोचतो. तिथे आता संग्रहालय आहे. वर वेदीवर माता, खाली अंधारात काका. एकाच इमारतीत दोघांची सोय केलेले दुसरे ठिकाण माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर कार्निव्हलच्या शनिवारी नाचतो तो हा खालचा धनी. तो वर येतो, मातेच्या दारापर्यंत नाचत जातो आणि तिच्यापुढे वाकतो. सैतानांच्या या नाचाला ‘दियाब्लादा’ म्हणतात. पुढे लूसिफर आणि सैतान, त्यांच्याभोवती नखरेल चिना सुपाय, म्हणजे सैतानीण (तिचे काम पूर्वी पुरुषच करत), मागे सैतानांच्या रांगा, मध्येच एखादे अस्वल, एखादे गिधाडाच्या जातीचे कॉन्डोर. या सगळ्यांच्या अग्रभागी निळ्या-पांढऱ्या पोशाखात, तलवार-ढाल घेतलेला देवदूत मायकेल. सोमवारी चर्चजवळ प्रत्यक्ष नाटकच होते. सात महापापे सात सैतानांच्या रूपाने एकेक करून पुढे येतात, बढाया मारतात आणि देवदूताकडून हरतात. युरोपातल्या मध्ययुगीन धर्मनाट्यांचा हा धागा आहे. कोकणातल्या दशावतारात आधी संकासुर हवा तेवढा धुमाकूळ घालतो, लोकांना हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. देवळाच्या आवारात राक्षस कसा, असे तिथे कोणी विचारत नाही. ओरुरोतही विचारत नाहीत.

या सगळ्याचा एक सुटसुटीत खुलासा छापील पुस्तिकांत मिळतो. या जागी पूर्वी उरू नावाच्या लोकांचे तीर्थ होते, ‘इतो’ नावाचा त्यांचा सण होता, सतराव्या शतकात स्पॅनिशांनी त्यावर बंदी घातली, मग लोकांनी आपले देव ख्रिस्ती संतांच्या आड लपवले. युनेस्कोच्या नोंदीतही हेच आहे. बंदी खरी, जुने तीर्थ खरे. पण ‘लपवले’ हे मला अर्धवट पटते. चारशे वर्षे कोणी सोंग घेऊन राहत नाही. गुडघ्यांवर सरकत मातेकडे जाणारा खाणकामगार तिला आड करून दुसऱ्याच कोणाला भजत नसतो. त्याची माताही खरी आणि काकाही खरा. दोघांचे त्याच्यावर उपकार आहेत, म्हणून दोघांचे देणे आहे. कार्निव्हल हा ते देणे फेडायचा हंगाम.

असे पाहिले की सगळे दिवस जागेवर बसतात. शनिवारच्या आधीच्या गुरुवारी ‘आनाता’ असते. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी शहरात उतरतात, पाठीवर नव्या पिकाची रोपे आणि फुले बांधून, तार्का नावाच्या लाकडी बासऱ्या फुंकत. ही बासरी पावसाळ्यातच वाजवायची. कार्निव्हल सरला की ती ठेवून द्यायची. पाऊस दिला, बटाटा दिला, म्हणून धरणीचे, पाचामामाचे देणे. शुक्रवारी खाणीत काकाचे देणे. त्याच्यासाठी लामाचा बळी दिला जातो (तिबेटी भिक्षू नव्हे, उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी). शनिवारी मातेचे. रविवारी पहाटे साऱ्या शहरातले बँड चर्चसमोरच्या चौकात जमून उगवत्या सूर्याला एकत्र सलामी देतात. मंगळवारी घराघरांत ‘चाल्या’: दुकान, ट्रक, टॅक्सी, घराचे चार कोपरे, सगळ्यांवर रंगीत कागदी फिती बांधायच्या, फुलांच्या पाकळ्या उधळायच्या, जमिनीवर बिअर किंवा दारू शिंपडायची. ज्याच्या जिवावर वर्ष निघाले त्याला एक घोट. पुढच्या रविवारी, उपवासाचा काळ लागूनही चार दिवस झालेले असताना, कार्निव्हलला निरोप देतात. पाद्रीलोक याकडे काणाडोळा करतात.

शनिवारची मिरवणूक सुमारे चार किलोमीटरच्या मार्गावर वीस वीस तास चालते. युनेस्कोने हा कार्निव्हल २००१ साली मानवजातीच्या अमूर्त वारशातला ठेवा म्हणून जाहीर केला, आणि २००८ पासून तो प्रातिनिधिक यादीत आहे. त्या नोंदीनुसार सुमारे पन्नास मंडळांत मिळून २८,००० हून अधिक नर्तक आणि १०,००० वादक असतात.

प्रश्न : एवढ्या हजारो लोकांच्या पोशाखांचा खर्च कोण करते? सरकार की प्रायोजक? आणि हे व्यावसायिक नर्तक असतात का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नाचणारा स्वतः करतो. व्यावसायिक नर्तक फारसे नाहीत. बँकेतले कारकून, शिक्षक, डॉक्टर, बाजारातल्या विक्रेत्या, विद्यार्थी, निवृत्त खाणकामगार असे सगळे असतात. पोशाख शिवून घ्यायचा किंवा भाड्याने आणायचा, मंडळाची वर्गणी भरायची, बँडच्या खर्चात वाटा उचलायचा. त्याशिवाय दरवर्षी मंडळातले एखादे जोडपे यजमानपद घेते. जेवणावळी, बिअर, वादकांची व्यवस्था असा मोठा भार त्यांच्यावर येतो आणि त्याबरोबर मानही.

यामागे नवस असतो. नाचणारा मातेला शब्द देतो, आणि प्रथेनुसार तो तीन वर्षांचा. मूल आजारातून उठावे, नोकरी मिळावी, घर व्हावे. कधी काही मागायचे नसते, मिळालेले असते. हंगामाची सुरुवात नोव्हेंबरमध्ये होते. सर्वपित्री म्हणावी तसा त्यांचा मृतांचा दिवस झाला, की त्यानंतरच्या एका रविवारी सगळी मंडळे साध्या कपड्यांत मातेपुढे जाऊन शब्द देतात. तिथपासून आठवड्याअखेरीस रस्त्यावर तालमी. कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी पुन्हा सगळे येतात आणि शब्द पक्का करतात. पर्यटक शनिवारी येतो आणि रविवारी जातो. त्याच्या हाती उत्सवाचा कळस लागतो, पण हंगाम लागत नाही, असे माझे मत.

पोशाख बनतात ते कायेय ला पास, म्हणजे ला पास रस्त्यावर. मुखवटेवाले आणि भरतकाम करणारे तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकाने थाटून आहेत. जुने मुखवटे लोकरीच्या टोपीवर चुना आणि प्लास्टर चढवून केलेले, जड. मग पत्रा आला, आता फायबरग्लास. सैतानाच्या कपाळावर सरडा, साप, बेडूक हमखास असतात, आणि ते शोभेला नसतात. उरू लोकांच्या कथेत डोंगरात राहणारा वारी नावाचा देव त्यांच्यावर चिडून महाकाय साप, बेडूक, सरडा आणि मुंग्यांची धाड पाठवतो, आणि एक राजकन्या त्या सगळ्यांना दगड आणि वाळू करून टाकते. ते ‘दगड’ आजही शहराच्या वेशींवर दाखवतात आणि कार्निव्हलच्या दिवसांत लोक त्यांच्यापुढेही दारू शिंपडून येतात.

दियाब्लादाचे सर्वांत जुने संघटित मंडळ १९०४ साली खाटकांनी काढले. तेव्हा शहरातले प्रतिष्ठित लोक त्याकडे नाक मुरडून पाहत. १९४४ साली मध्यमवर्गीय तरुणांनी आपले वेगळे मंडळ काढले, तिथून चित्र बदलू लागले. आज सैतान होण्यासाठी खिसा लागतो. ही गोष्ट मला खटकते. नवस करणाऱ्याने खर्च करावा हे समजते, पण पोशाख दरवर्षी नवा हवा, मंडळ नावाजलेलेच हवे, ही चढाओढ मातेसाठी नसून शेजाऱ्यासाठी असते. ओरुरोतल्या जुन्या लोकांचीही हीच तक्रार आहे.

नाच एकच नाही. संख्येने आणि डामडौलाने मोठा नाच म्हणजे मोरेनादा. खाणींत आणि द्राक्षमळ्यांत आणलेल्या आफ्रिकी गुलामांची आठवण त्यात आहे, असे मानतात. काळा मुखवटा, थकव्याने बाहेर लोंबलेली जीभ, पिंपासारखा फुगीर जड पोशाख आणि हातात खुळखुळ्यासारखे एक वाद्य. त्याच्या करकर आवाजात काहींना बेड्यांची खळखळ ऐकू येते. हा नाच मुद्दाम संथ आहे. पाय ओढत, डुलत चालायचे. गुलामाची सोंगे आता सोन्याचांदीच्या धाग्यांनी मढलेली आहेत आणि ती घालणारे बहुतेक सधन व्यापारी असतात, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की सूड, तुम्हीच ठरवा. कापोरालेस हा बुटांना घुंगरांच्या रांगा बांधून उड्या मारण्याचा नाच तरुणांचा लाडका. तो प्राचीन वाटतो, पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस ला पास शहरात तयार झाला. तिंकू हा पोतोसीच्या उत्तरेकडच्या खेड्यांतल्या विधिवत मारामारीवरून घेतलेला. नाचात ठोसे खोटे असतात. त्या खेड्यांत खरे.

एक गोष्ट मात्र सरकारी हिशेबात बसत नाही. १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारच्या झाल्या. १९८५ साली कथिलाचा भाव जगभर कोसळला आणि बोलिव्हियाच्या सरकारी खाणींतून वीस हजारांहून अधिक कामगारांना घरी पाठवण्यात आले. बरेच जण गाव सोडून गेले, कोणी ला पासजवळच्या एल आल्तोमध्ये, कोणी कोकाच्या शेतीकडे, कोणी आर्जेन्टिनात. खाणी आक्रसल्या, पण काकाचा नाच आक्रसला नाही. परगावी गेलेले लोक कार्निव्हलला रजा काढून येतात, आणि एखाद्या वर्षी येणे जमले नाही तर मातेकडे वर्ष वाढवून मागतात.

प्रश्न : सैतानांचा हा नाच पेरू देशाचा असल्याचे मी वाचले होते. खरे कोणाचे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : यावरून दोन देशांत खरोखरच जुंपली होती. २००९ साली मिस युनिव्हर्स स्पर्धेत पेरूची कारेन श्वार्झ दियाब्लादाचा पोशाख घालून उतरली आणि बोलिव्हियात आगडोंब उसळला. संस्कृतीमंत्री पाब्लो ग्रू यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याची भाषा केली. पेरूचे म्हणणे, तितिकाका सरोवराच्या काठच्या आमच्या पुनो शहरातही फेब्रुवारीत कांदेलारिया मातेच्या सणाला सैतान नाचतात. तेही खरे. २०१४ साली पुनोचा सण युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा बोलिव्हियाने पुन्हा आवाज उठवला.

नाच त्या पठारावरचा आहे आणि पठारावर सीमारेषा १८२५ नंतर आल्या. तरीही काका, बोगदा, बोगद्यावरची माता आणि तिच्या दारातला सैतान हे सारे एकाच जागी असणे ही ओरुरोची मिरास, असे मी म्हणेन. बोलिव्हियाचा संताप समजून घ्यायचा तर एवढे ध्यानात असू द्यावे, की या देशाने एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात आपला अख्खा समुद्रकिनारा चिलीला गमावला आहे. आणखी काही द्यायला तो तयार नसतो.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, तब्येती बऱ्या आहेत, शाकाहारी आहोत. प्रत्यक्ष जाऊन पाहावे का? (एक दांपत्य, डोंबिवली)

उत्तर : जावे. पण हृदय आणि फुप्फुसे यांविषयी डॉक्टरांशी बोलून मगच. ला पासचा विमानतळ एल आल्तोला आहे, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर. उतरताच डोके जड होते, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. आधी कमी उंचीवरच्या सान्ता क्रूस शहरात उतरून टप्प्याटप्प्याने वर गेलेले बरे. पहिले काही दिवस हळू चाला, कमी खा, दारूला हात लावू नका. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळेल, तो तिथे कायदेशीर आहे आणि पोटात गेलेला बरा वाटतो. मात्र आठवण म्हणून ती पाने किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या सामानात भरू नका. भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

ला पासहून ओरुरो सुमारे २३० किलोमीटर, बसने तीन-चार तास. कार्निव्हलच्या दिवसांत खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात, म्हणून सोय महिनोन्‌महिने आधी करा. मार्गाच्या दोन्ही कडांना बाकांच्या उतरंडी उभारून जागा विकतात. पैसे जास्त गेले तरी नीट बांधलेली, चौकाजवळची जागा घ्या. २०१४ साली मिरवणुकीच्या मार्गावरचा पादचारी पूल कोसळून खालून चाललेल्या बँडचे वादक मेले होते. तेव्हा गर्दीने लदलेल्या पुलावर चढू नका आणि त्याखाली थांबूही नका.

पाण्याचे फुगे आणि फेसाचे फवारे यांपासून सुटका नाही. वयाचा मान राखून सोडतील ही आशाही नको. रेनकोट, कॅमेऱ्याला प्लास्टिक आणि रात्रीसाठी जाड लोकरी कपडे न्या. दिवसा ऊन भाजून काढते आणि अंधार पडताच थंडी हाडांत शिरते.

खाण्याचे थोडे अवघड आहे. ओरुरोची ख्याती चार्केकान या पदार्थाची, म्हणजे लामाच्या वाळवलेल्या मांसाची. रात्री गाड्यांवर मेंढीची भाजलेली मुंडकी मिळतात. तुम्हाला त्याच चार्केकानच्या ताटातले उकडलेले मक्याचे दाणे, बटाटे आणि चीज मागून घेता येईल. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे पाठ करा. सकाळी जांभळ्या मक्याचे गरम, दाट, दालचिनी घातलेले ‘आपी’ आणि चीज भरून तळलेली फुगीर पुरी मिळते. थंडीत तिला तोड नाही.

वेळ असेल तर गुरुवारी पोचा आणि आनाता पाहा. गर्दी कमी, झगमगाट नाही, आणि शेतकरी कोणाला दाखवण्यासाठी नाचत नसतात. शनिवारी दिवसभर बसून राहू नका. संध्याकाळी चर्चच्या बाजूला सरका. तिथे मुखवटे उतरतात आणि आतली माणसे दिसतात, घामेजलेली, काही रडणारी. फोटो काढण्याआधी नजरेनेच परवानगी घ्या.

२०२७ साली कार्निव्हलचा शनिवार ६ फेब्रुवारीला येतो. बोलिव्हियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात, ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. साठी ओलांडलेल्यांना ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी त्यांना भेटा.